कुचल्याचे केस

माझ्या हातून पळी फरशीवर पडली आणि वहिनीचं अंग वर उचललं गेलं. टाचा आणि डोक्याची मागची बाजू एवढंच सतरंजीला टेकलेलं, मधलं सगळं अधांतरी. दात आवळलेले, ओठ मागे ओढलेले, नवख्याला वाटावं ही हसते आहे. डोळे मात्र उघडे होते आणि ते माझ्याकडे पाहत होते. तिची शुद्ध गेली नव्हती, हेच सगळ्यात वाईट होतं. पळीचा आवाज विरला तसं अंग हळूहळू सैल पडलं. तेवढ्यात गल्लीतून सायकलची घंटी वाजली आणि पुन्हा तेच. माय म्हणाली, अंगात आलं. बाबा म्हणाले, मिरगी. तासाभरापूर्वी तिला ताकातून निर्मळीची पूड मीच पाजली होती. दोन घोट घेऊन तिनं तोंड वाकडं केलं होतं, कडू लागते म्हणाली होती, आणि मी तिला म्हटलं होतं, "औषध गोड राह्यते काय? पे मुकाट्यानं." तरी तिनं अर्धा पेला मोरीत ओतला. तो अर्धा पेला तिनं माझं ऐकून प्यायला असता तर ती त्याच सतरंजीवर मेली असती.

तिला खाटेवर घालून सरकारी दवाखान्यात नेलं. अकोल्याच्या जुन्या शहरातून मोर्णा नदीचा पूल ओलांडून जायचं, आणि रस्त्यात आवाज नाही असं एक पाऊल नाही. हातगाडीवाले, भोंगे, कुणाच्या तरी दुकानात रेडिओ. प्रत्येक आवाजाला तिचं अंग खाटेवरून उचललं जाई आणि खांदे देणारे थांबत. दादा, माझा मोठा भाऊ, पुढं धावत जाऊन लोकांना गप्प राहा म्हणून विनवत होता, त्याचाच आवाज सगळ्यात मोठा. डॉक्टरांनी पाहिलं, दार लावून घेतलं, खिडक्यांना चादरी टांगल्या, तिच्या कानात कापूस घातला आणि झोपेची सुई दिली. मग बाहेर येऊन विचारलं, काय खाल्लं होतं? मी सांगितलं. ते म्हणाले, निर्मळीनं असं होत नाही, ही कुचल्याची लक्षणं आहेत. कुचला म्हणजे काय हे त्या व्हरांड्यात कुणाला सांगावं लागलं नाही. उंदीर मारायला आणि पिसाळलेली कुत्री मारायला तोच नेत.

इथं आमच्या घराचं सांगते. जुन्या शहरात दोन खोल्या, पुढच्या खोलीत बाबांचं दुकान. आम्ही न्हावी. पहाटे पट्ट्यावर वस्तऱ्याचा आवाज सुरू व्हायचा, सट सट सट, त्यावर मी जागी व्हायची. चौथीनंतर माझी शाळा सुटली, कारण मायला दमा होता आणि भाकरी कुणी तरी थापायला हवी होती. भाकरी झाली की मी पुढं जाऊन बसायची आणि बाबा मला वस्तऱ्यांना धार लावायला देत. बाईच्या जातीनं धोकटीला, म्हणजे हत्यारांच्या पिशवीला, हात लावू नये असं लोक म्हणत. बाबा म्हणत, हिच्या हाताची धार माझ्या हाताला येत नाही, मग मी काय करू. धार बघायची आमची एक रीत होती. मनगटावरचा एक केस, एकच, पातं टेकवलं की तुटला पाहिजे. ओढावं लागलं तर परत दगडावर. माझ्या डाव्या मनगटावर त्या काळात केस कधी राहिला नाही. गिऱ्हाईक गेलं की फरशीवर पडलेले केस मीच झाडायची. कुणाचे कसे, कापलेले कोणते आणि गळलेले कोणते, कुणी तेल लावतो आणि कुणी नुसतं पाणी, हे मला न पाहता पायाला कळायचं. याला कुणी विद्या म्हणत नाही. मीही तेव्हा म्हणत नव्हते.

वहिनी सुमन तिवसा बाजूच्या एका खेड्यातली, आमच्याच जातीची, पण तिच्या वडिलांकडं थोडी जमीन होती आणि ते स्वतःला शेतकरीच म्हणवत. तात्या म्हणत त्यांना. लग्नाला दोन वर्षं झाली होती. माझं आणि तिचं पटत नव्हतं, हे गल्लीला ठाऊक होतं. ती कण्या करायची तर पाणी जास्त, मी म्हणायची ढोरांना घालायच्या का. मी अंबाडीची भाजी करायची तर ती नाक दाबायची. एकदा तिनं माझ्या वेणीतली रिबीन चुलीत घातली आणि मी तिचं लुगडं दोरीवरून मोरीत टाकलं. यात विष घालण्यासारखं काही नव्हतं. दोन बाया एका चुलीशी उभ्या राहिल्या की होतं तेवढंच. पण विषाची गोष्ट एकदा निघाली की असली भांडणं लोकांना बरोबर आठवतात.

त्या पावसाळ्यात नळाला गढूळ पाणी येत होतं. निर्मळीचं बी माठाच्या आतून घासायचं, तासाभरात गाळ खाली बसतो, पाणी आरशासारखं. हे घरोघर करत. तीच निर्मळी पोटाला चालते. वहिनीला पंधरा दिवस जुलाब लागले होते, कण्या आणि ताकाशिवाय काही टिकत नव्हतं, तेव्हा माय म्हणाली की निर्मळी ताकातून द्या. घरातलं बी संपलं होतं. मी बाजारातल्या काष्ठौषधीच्या दुकानात गेले. हे बी शिंगासारखं टणक असतं, घरच्या खलबत्त्यात फुटत नाही, म्हणून शेठ ते लोखंडी उखळात फोडून, तुकडे करून डब्यात ठेवायचा. त्यानं डब्यातून पुडी बांधली. मी घरी आणून तुकडे पाट्यावर वाटले. बाकीचे तुकडे पुडीतच राहिले.

अख्खं बी असतं तर मूलही फसलं नसतं. निर्मळी बोराच्या आठोळीएवढी, गोल. कुचला चपटा, रुपयाएवढा, गुंडीसारखा. पण दोन्ही एकाच कुळातले, सख्खे चुलत भाऊ म्हणावेत असे, आणि फोडल्यावर दोन्ही सारखेच, राखाडी, शिंगाचे तुकडे. एक पाणी निवळवतो आणि एक माणूस मारतो. आजकाल आमच्या नातीच्या फोनमध्ये असं काही आहे की पानाचा फोटो काढला की नाव सांगतं. मी तिला परवा म्हटलं, फोडलेल्या बियांचा काढ बरं. तिनं काढला. फोननं सांगितलं, खडी.

दुसऱ्या दिवशी तात्या आले. दवाखान्याच्या व्हरांड्यात, सगळ्यांसमोर, माझ्याकडं बोट करून ते म्हणाले, "या पोरीनं माह्या पोरीले कुचला चारला. भावाचं दुसरं लगन करायचं असन यायले." डॉक्टरांनी आधीच पोलिसांना कळवलं होतं. हवालदार आले, ते बाबांच्याच दुकानात दाढी करत, त्यामुळं त्यांना माझ्याकडं बघवेना. त्यांनी वहिनीला झोपेतून जरा जाग आल्यावर हळू आवाजात विचारलं, कोणी दिलं? तिचा जबडा पुरता उघडत नव्हता. दातातल्या दातात ती म्हणाली, "चंद्रीनं." खरंच तर होतं, मीच दिलं होतं. हवालदारांनी लिहून घेतलं. दादा माझ्याकडं पाहत होता आणि त्याच्या डोळ्यात मला पहिल्यांदा शंका दिसली. त्याला मी ती शंका पुढं कधी माफ केली नाही आणि त्यानंही माफी मागितली नाही.

हवालदारांनी बाबांना बाजूला घेऊन सांगितलं की घरातली उरलेली पुडी आणि वाटलेली पूड मुंबईला तपासायला जाईल, उत्तर यायला महिने लागतील, तोवर पोरगी आत राहील. चार दिवस मी कसेबसे थांबवतो, त्यापुढं माझ्या हातात नाही. बाबा नुसते मान हलवत होते. माय रडत होती. मी हवालदारांना म्हटलं, "पुडीत इख मी मिसळलं असन, तर दुकानातल्या डब्यात नसन. तुमी चाला माह्यासंग. तुमच्यासमोर त्याच डब्यातून दुसरी पुडी घेते."

हवालदार आले, साध्या कपड्यात, गिऱ्हाइकासारखे. शेठनं ओळखलं असेल नसेल, पण माझ्याकडं पाहून त्याचा हात डब्याच्या झाकणावर जरा अडखळला. परवाचीच निर्मळी दे, म्हटलं. त्यानं पुडी बांधली. मग हवालदारांनी डब्याला लाख लावली तेव्हा तो म्हणाला, "आता न्हाव्याची पोरगी मले माल वयखाले शिकवन काय?" मी म्हटलं, शिकवीन. हे का म्हटलं मला माहीत नाही, मला तर तेव्हा काहीच येत नव्हतं. हवालदारांनी नव्या पुडीचे दोन भाग केले, एक सीलबंद करून स्वतःकडं ठेवला, दुसरा मला दिला. घरच्या जुन्या पुडीतले चार तुकडेही त्यांनी वेगळ्या कागदात बांधून दिले. नियमात बसत नसेल. पण चार दिवस त्यांच्याही डोक्यावर होते.

अमरावतीत माझी आत्या राहायची. तिचे मालक गणपतराव एका कॉलेजात शिपाई होते, झाडांच्या विभागात. त्यांच्या तोंडून मी ऐकलं होतं की तिथं पोरं झाडाचे पापुद्रे कापून भिंगाखाली बघतात. एवढ्यावर मी एसटीत बसले. कमरेला दोन पुड्या आणि बाबांचा सगळ्यात चांगला वस्तरा, फडक्यात गुंडाळून. वस्तरा मी न विचारता घेतला. विचारलं असतं तर त्यांनी तो दिला असता आणि मग स्वतः सोबत आले असते, आणि तात्या म्हणाले असते की बाप पोरीला घेऊन पळाला.

तिथले शिकवणारे सर मध्यम वयाचे, स्वच्छ धोतराचे, पुण्याकडून आलेले. गणपतरावांनी सगळं सांगितलं. सरांनी तुकडे तळहातावर घेतले आणि म्हणाले, झाड ओळखायचं ते पानाफुलावरून, हा तर चुरा आहे. मग थोडं थांबून म्हणाले, आतली घडण बघता येईल, पण बी फार कठीण आहे, पाण्यात घालून ठेवावं लागेल, उद्या या. उद्या म्हणजे माझा एक दिवस गेला. आत्याकडं त्या दिवशी झुणका आणि ज्वारीची भाकर होती, वर लाल मिरचीचा ठेचा, आणि मी तीन भाकरी खाल्ल्या. आत्या माझ्याकडं बघत राहिली. तिला वाटलं असावं की आरोप झालेल्या पोरीला एवढी भूक लागू नये. मला लागली होती.

सकाळी सरांनी कपाटातून दोन बाटल्या काढल्या, एकीत अख्खी निर्मळी, दुसरीत अख्खा कुचला, दोन्हींवर चिठ्ठ्या. म्हणाले, आधी ओळखीचं कापायचं, मग अनोळखी त्याच्याशी ताडून बघायचं. हे मला आवडलं. गाजराच्या उभ्या फोडीत खाच पाडून त्यात बियाचा तुकडा बसवायचा, म्हणजे धरता येतो, आणि पातं पाण्यात भिजवून आपल्याकडं ओढायचं. सरांनी कॉलेजातला वस्तरा ओढला. बियाचा टवका उडून खिडकीबाहेर गेला. दुसऱ्यांदा गाजर कापलं गेलं आणि बी तसंच. ते पातं लांबूनच दिसत होतं, त्याला काठावर पांढरी रेघ होती, म्हणजे धार मेलेली. मी माझं फडकं सोडलं. सर म्हणाले, "हे तुझं काम नाही."

मी म्हटलं, "मंग तुमचंबी नाही दिसत."

गणपतरावांनी कपाळाला हात लावला. सर लाल झाले, आणि मग, याचं श्रेय मी त्यांना देते, बाजूला सरकले. मी मनगटावर धार पाहिली. पातं भिजवलं. दाढी करताना गालावर जेवढा दाब द्यायचा तेवढाच, त्याहून जास्त नाही. पहिले पाच जाड आले. सहावा इतका पातळ आला की पाण्याच्या काचेच्या वाटीत तो कुठं गेला ते दिसेना. सर म्हणाले, तोच हवा. त्यांनी तो कुंचल्यानं उचलला, लाल रंगात बुडवून धुतला, काचेवर ठेवला, वर पातळ काच झाकली आणि भिंगाखाली बसवला. बराच वेळ त्यांनी डोळा काढला नाही. मग मला म्हणाले, बघ, बियाच्या कडेला काय दिसतं ते सांग.

मी वाकले. आधी माझीच पापणी दिसली. मग एकदम सगळं उघडलं. बियाच्या सालीतून लांब लांब धागे निघालेले, मुळाशी जाड, तिथंच वाकलेले आणि सगळे एकाच बाजूला पडलेले. मी म्हटलं, "हे तं केस हायेत. तेल लावून भांग पाडलेले." सर म्हणाले, बरोबर, हा कुचला. मग बाटलीतली निर्मळी मी कापली. तिच्या सालीवरही केस होते, पण आखूड, चार दिवसांच्या दाढीसारखे. सर त्यांच्या भाषेत बरंच काही सांगत होते, भित्ती आणि पेशी आणि काय काय. ते मी पुढं वर्षानुवर्षं ऐकलं, कारण त्याच विभागात मी पुढं पोरांसाठी काप काढायच्या कामावर लागले. पण त्या सकाळी मला तेवढ्याचीच गरज होती. केस कुणाचे कसे असतात हे मला कुणी शिकवावं लागत नव्हतं.

मग पुड्यांतले तुकडे. साल लागलेला एकेक तुकडा मी कापला आणि सर बघण्याआधी मी नाव सांगायची, भांगवाला की दाढीवाला. ते बघून मान हलवायचे. एकदा माझं चुकलं. घाईत काप जाड काढला होता, केस मुडपले होते. मी परत काढला. दुपार होईपर्यंत दोन ढीग झाले. घरच्या पुडीतले चार तुकडे होते, त्यातला एक कुचल्याचा. दुकानातल्या पुडीतही तशीच भेसळ, निर्मळी जास्त आणि मधेमधे कुचला. म्हणजे डब्यातच होता. पुढं कळलं की शेठचा माणूस त्याच उखळात दोन्ही फोडायचा आणि एक दिवस उरलेला कुचला, दिसायला सारखा म्हणून, त्यानं निर्मळीच्या डब्यात ओतला. आळस, दुसरं काही नाही. आळसानं माणूस मरू शकतो हे त्याला तोवर माहीत नसावं.

सरांनी अहवाल लिहिला. इंग्रजीत. मी तो वाचू शकत नव्हते म्हणून विचारलं, काय लिहिलं? त्यांनी सांगितलं, अमुक तपासलं, अमुक आढळलं, खाली त्यांची सही. मी म्हटलं, कापलं कुणी ते लिहा. ते म्हणाले, त्याची गरज नसते. मी म्हटलं, तुमाले नसन, मले हाये, जेलात मले जा लागते. त्यांनी टाक खाली ठेवला, मला नीट पाहिलं, आणि शेवटी एक ओळ घातली. तिच्याखाली मी मराठीत सही केली, आडनावासकट. चौथीपर्यंतची शाळा सहीपुरती पुरते.

चौथ्या दिवशी सकाळी मी अकोल्याला पोचले. बाबांच्या दुकानाला कुलूप होतं. मी तशीच दवाखान्यात गेले. हवालदार तिथंच होते, तात्याही. हवालदारांनी कागद वाचला, डॉक्टरांना दाखवला, डॉक्टरांनी तात्यांना मराठीत समजावून सांगितलं. तात्या सगळं ऐकून म्हणाले, हे कॉलेजवाले काहीही लिहितात. तेव्हा मी वस्तरा काढला. व्हरांड्यातल्या दोन बायका उठून गेल्या. मी म्हटलं, "तात्या, इथं भिंग असन तं आना. तुमच्या डोयासमोर कापून दाखवते. नसन आनायचं तं आता थांबवा." तात्यांनी धोतराचा सोगा आवरला आणि वहिनीच्या खोलीच्या दाराशी जाऊन बसले. माफी त्यांनी कधी मागितली नाही. पुढं दिवाळीला एक मण ज्वारी पाठवली, ती मी परत करायला लावली. माय चार दिवस माझ्याशी बोलली नाही.

शेठचं दुकान महिनाभर बंद होतं, मग उघडलं. मी त्यानंतर तिथून काहीही घेतलं नाही. गल्लीतल्या बाया मात्र निर्मळी घ्यायला जायच्या आधी माझ्याकडं यायच्या, आणि मी त्यांना सांगायची, अख्खं बी घ्या, फोडलेलं नका घेऊ. एवढंच सांगायची. त्या जास्त ऐकायला थांबायच्या, मी थांबत नसे. लोकांना गोष्ट हवी असते.

वहिनी बोलायला लागली त्या दिवशी मी तिच्या खाटेशी गेले. तिच्या हातापायात अजून गोळे येत होते. ती म्हणाली, "मी सांगतलं होतं तुले, कडू हाये म्हनून." मी म्हटलं, "सांगतलं होतं." यापुढं आम्ही दोघी यावर बोललो नाही. आज पुष्कळ लोक मला विचारतात की त्या डागानं मला किती त्रास झाला, तिनं नाव घेतलं याचं किती वाईट वाटलं. वाटलं नाही. तिनं खरं सांगितलं होतं. मीच खोटं सांगितलं होतं, की औषध कडूच असतं. निर्मळी कडू नसते. घासलेल्या माठातलं पाणी मी रोज पीत होते, मला माहीत असायला हवं होतं.

बाबा गेले, माय गेली, दादा गेला, तात्या तर केव्हाच. सुमन वहिनी जगली. तिला तीन मुलं झाली, आणि ती अजून जिवंत आहे.